उलटा सांधा, उचललेला हात

म्हातारपणी खांदा दुखू लागला की घरात एकच उत्तर मिळतं, ‘वय झालं, चालायचंच.’ पण अंबाडा घालायला, फळीवरचा डबा काढायला, नमाजात कानांपर्यंत न्यायला हातच उठेना, की माणूस हळूहळू परावलंबी होतो. म्हणून या दुखण्याचं मूळ समजून घ्यायला हवं.

खांदा म्हणजे उथळ बशीला टेकलेला चेंडू. दंडाच्या हाडाचं डोकं हा चेंडू आणि फऱ्याच्या हाडावरची खोबण ही बशी. चेंडू जागेवर धरून ठेवतात ते चार लहान स्नायू आणि त्यांचे दोरीसारखे स्नायुबंध. उतारवयात हे बंध झिजतात, फाटतात. मग चेंडू वर सरकतो आणि सांधा घासत जातो.

१८९३ मध्ये पॅरिसचे डॉ. पेआं यांनी क्षयाने पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला. जंतुसंसर्गामुळे तो पुढे काढावा लागला. १९५०च्या दशकात अमेरिकेत डॉ. चार्ल्स नीर यांनी धातूचा चेंडू वापरात आणला. मात्र बंध फाटलेल्या रुग्णाचं दुखणं त्याने कमी झालं, तरी हात फारसा उचलत नसे. १९८५ मध्ये फ्रान्सचे डॉ. पॉल ग्रामाँ यांनी जागांचीच अदलाबदल केली. चेंडू फऱ्याला, बशी दंडाला! त्यामुळे खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू फाटलेल्या बंधांचं काम करून हात वर उचलू शकतो. वृद्धांना आज याच ‘उलट्या’ सांध्याचा मोठा आधार आहे.

मात्र प्रत्येक दुखऱ्या खांद्याला शस्त्रक्रिया लागत नाही. मधुमेहींमध्ये वारंवार दिसणारा आखडलेला खांदा बहुधा व्यायाम, औषधं आणि सबुरीने सुटतो. शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात हवी, हृदयाची तपासणी हवी, डेल्टॉइडची शक्ती शाबूत हवी. जंतुसंसर्गाचा आणि सांधा निखळण्याचा धोका असतो. नंतर काही आठवडे हात झोळीत राहतो आणि व्यायाम काही महिने चालतो. पाठीमागे हात नेणं पुढेही अवघड जाऊ शकतं.

तेव्हा डॉक्टरांना ‘या वयात जमेल का?’ एवढंच विचारू नका. ‘मला ही ही कामं करता येत नाहीत, त्यांतली कोणती पुन्हा जमतील?’ असं विचारा. आणि घरच्यांनीही ‘चालायचंच’ म्हणण्याआधी एकदा तो हात कुठवर उठतो, ते पाहावं.