पाठीवरचे घर

मुलांनो, डोंगरावर मुक्कामाला जायचे ठरले की तुम्ही लगेच विचारता, "सर, काय काय आणायचे?" त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : काय काय घरी ठेवायचे? कारण तिकडे हमाल नसतो. जे बरोबर घ्याल, ते तुमच्याच पाठीवर चढते.

समजा, हिवाळ्यात राजमाची किल्ल्यावर जायचे आहे. लोणावळ्याहून किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंत सुमारे १५ किलोमीटर चालावे लागते. वाट बरीचशी सपाट आहे, पण लांब आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले दुसऱ्या दिवशी चढायचे. आता हिशेब करा. तुमचे वजन ४० किलो असेल, तर पिशवी ८ किलोंपेक्षा जड नको. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. वाटेसाठी दोन लीटर पाणी घेतले की उरले सहा किलो. अंथरूण, कपडे, शिधा, सगळे त्यातच.

म्हणून शिधा गटाने ठरवावा. रात्रीच्या खिचडीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ व ५० ग्रॅम डाळ धरली, तर दहा जणांना एक किलो तांदूळ आणि अर्धा किलो डाळ पुरते. तंबू असेल, तर कापड एकाने आणि काठ्या दुसऱ्याने घ्याव्यात. लोणच्याची काचेची बरणी मात्र घरीच राहू द्या, अम्मी कितीही आग्रह करोत!

थंडीसाठी मुले दोन-दोन पांघरुणे घेतात आणि तरी रात्रभर कुडकुडतात. असे का? जमीन रात्री गार होते व अंगातली ऊब खालून ओढून घेते. म्हणून आधी अंथरुणाकडे बघा. प्लॅस्टिकचा कागद, त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे थर आणि वर सतरंजी. कागदांच्या थरांत हवा अडकते. अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. एक स्वच्छ चादरही घ्या. रात्री ती पांघरता येते आणि पहाटे तिच्यावर नमाज पढता येते.

सामान भरताना अंथरूण तळाशी ठेवा. जड वस्तू पाठीला लागून, मधोमध ठेवा. त्या बाहेरच्या बाजूला गेल्या, तर पिशवी मागे ओढते आणि तुम्ही कमरेत वाकून चालता. पाणी, औषधे आणि विजेरी, म्हणजे आपली बॅटरी, चटकन हाताला लागेल अशी ठेवा.

विजेरीवरून आठवले. मी पहिल्यांदा चौदा मुलांना घेऊन निघालो, तेव्हा निघायलाच उशीर झाला. गाव तासभर दूर असताना अंधार पडला. विजेरी काढली, तर ती पेटेना. पिशवीत तिचे बटण दाबले गेले होते आणि ती दिवसभर जळून संपली होती. दुसरी आणलीच नव्हती. मोबाइलच्या उजेडात आम्ही कसेबसे चालत राहिलो. मागे कोण राहिले, हे मला कळलेच नाही.

ज्यांच्याकडे मुक्काम होता, त्यांना मी आदल्या दिवशी फोन करून वेळ आणि मुलांची संख्या सांगितली होती. आम्ही वेळेवर न आल्याने ते कंदील घेऊन आम्हांला शोधत आले. त्यांनी एकेका तोंडावर उजेड धरला आणि म्हणाले, "गुरुजी, चौदा पोरं ना? ही तर बाराच हायती."

माझे हातपाय गार पडले. दोन मुले फाट्यावर गुरांच्या वाटेने गेली होती. त्या गृहस्थांना ती वाट ठाऊक होती. अर्ध्या तासाने दोघांना घेऊन ते परतले. मुले एका दगडावर बसून रडत होती.

आता निघण्यापूर्वी मी नावे, संख्या, वाट आणि परतायची वेळ दोन कागदांवर लिहितो. एक शाळेत देतो, एक मुक्कामाच्या ठिकाणी कळवतो. सर्वांत मागे एक मोठा विद्यार्थी चालतो आणि दर फाट्यावर आम्ही मोजणी करतो. विजेऱ्या दोन असतात. पिशवीत ठेवताना प्रत्येकीतला एक सेल मी उलटा घालतो, म्हणजे बटण दाबले गेले तरी ती पेटत नाही.