कृषिपंप आणि बिनतारी रिले बोर्ड : जोडणीपूर्वीचा विचार

पुसा येथील कृषी विज्ञान मेळ्यासाठी दिल्लीस गेलेल्या शेतकऱ्याचा मुक्काम पहाडगंजात असला, तर लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केट तेथून फारसे दूर नसते. रिमोटवर चालणारे बिनतारी रिले बोर्ड तेथे अल्प किमतीत मिळतात. रात्रीच्या वीजपाळीत विहिरीवरचा फेरा वाचवण्यासाठी ते घेण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु हे बोर्ड मुळात हौशी प्रयोगांसाठी बनवलेले असतात.

बोर्डावरील लहान रिलेवर बहुधा ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असे छापलेले असते. ३ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार चालताना सुमारे ५ अँपिअर घेते, म्हणून रिले पुरेसा वाटतो. मात्र सुरू होताना ती क्षणभर त्याच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. त्याने रिलेचे संपर्कबिंदू वितळून चिकटतात आणि ‘बंद’ची कळ दाबूनही पंप चालूच राहतो. म्हणून रिलेने मोटार थेट चालवू नये, केवळ स्टार्टरची कॉइल नियंत्रित करावी. यातही एक गोम आहे. थ्री-फेज स्टार्टरची कॉइल पुष्कळदा दोन फेजांमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर जोडलेली असते. २५० व्होल्टचा रिले तेथे चालत नाही. मध्ये योग्य क्षमतेचा सहाय्यक कॉन्टॅक्टर हवा आणि तो परवानाधारक वायरमननेच बसवावा. ओव्हरलोड रिले व सिंगल-फेजिंग प्रिव्हेंटर कोणत्याही सबबीखाली वगळू नयेत.

‘सीई’ ही खूण अनेकांना प्रमाणपत्र वाटते. वस्तुतः ती युरोपीय बाजारपेठेसाठीची खूण असून भारतात तिने काहीच सिद्ध होत नाही. येथे रेडिओ उपकरणास दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची उपकरणप्रकार मान्यता, म्हणजे ‘ईटीए’, लागते; विक्रेत्याकडे तीच मागावी. स्वस्त रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. या पट्ट्यातील परवानामुक्त सवलत १० मिलिवॅटपर्यंतच्या, इमारतीच्या आतील वापरापुरती दिलेली आहे. शेतासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवरील उपकरण अधिक योग्य. बोर्डासोबतच्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा.

अशा अनेक रिमोटचा संकेत कायम एकच असतो. शेजारच्या शिवारात तोच संकेत असलेला रिमोट आला, तर त्याच्या कळीने आपला पंप सुरू होऊ शकतो. विहिरीत उतरून पंपाला हात लावण्यापूर्वी रिमोट खिशात असणे पुरेसे नाही. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून सोबत ठेवावेत.