बाई प्रशिक्षणाला का जातात?



आपल्या शाळेत चार वर्ग आहेत व शिक्षक दोन. एक बाई आणि एक गुरुजी. बाई प्रशिक्षणाला गेल्या की गुरुजींना चारही वर्ग बघावे लागतात. मग पहिलीची पोरं रडतात, दुसरीची पळतात आणि आम्ही चौथीवाले पाढे म्हणत बसतो. हे ऐकून माझी आजी म्हणाली, "तुमच्या बाई सारख्या टरनिंगला कामून जायल्यात गं? शिकूनच मास्तरीण झाल्यात ना त्या?" मला उत्तर आले नाही. म्हणून मी बाईंनाच विचारले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहून सगळे समजावून सांगितले. तीच माहिती मी आज तुम्हाला देणार आहे.

बाई म्हणाल्या, पूर्वी साहेब शाळेत आले की विचारायचे, "किती धडे झाले?" आता विचारतात, "मुलांना काय काय येतं?" प्रत्येक इयत्तेच्या शेवटी मुलाला काय आले पाहिजे, याची यादी ठरलेली आहे. तिला अध्ययन निष्पत्ती म्हणतात. शब्द अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. निष्पत्ती म्हणजे शेवटी हाती आले ते. शेतात बियाणे किती पेरले याला निष्पत्ती म्हणत नाहीत. घरात माल किती आला, ती निष्पत्ती. देशातल्या शाळांसाठी अशी यादी २०१७ साली तयार झाली. नंतर २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत हे अभियान सुरू झाले. त्यात लहान वर्गांसाठी वाचन आणि गणित ठरवून दिले आहे, ते असे :

पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचता यावे आणि ९९ पर्यंत संख्या याव्यात. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचता यावेत आणि ९९९ पर्यंत संख्या याव्यात. तिसरीच्या शेवटी मिनिटाला निदान ६० शब्द वाचता यावेत आणि ९९९९ पर्यंत संख्या याव्यात. वाचलेले समजलेही पाहिजे. नुसते भरभर वाचले तर चालत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी तिसरीत होते. कापूस वेचणीचे दिवस होते. माझी आई दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जात होती. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. आई दुसरीपर्यंतच शिकली, म्हणून रोजचे किलो मी वहीत लिहायचे. एका आठवड्यात १८, १६, १९, १७, २० आणि १५ किलो झाले. मी बोटांवर बेरीज केली. एकशे पाच आली. बेरीज बरोबर होती. पण वहीत मी १००५ लिहिले! मालकीणबाईंनी वही बघितली आणि त्या हसू लागल्या. "एवढा कापूस तर अख्ख्या गावाला नाही वेचता येणार," असे म्हणाल्या. आई काही बोलली नाही. मला लई लाज वाटली. माझ्या मैत्रिणीला मी एकशे पाच लिहायला सांगितले, तर तिने १५ लिहिले. तिची चूक तर जास्त महागाची. किलोला दहा रुपये धरले, तर १०५ किलोचे १०५० रुपये होतात आणि १५ किलोचे फक्त १५०. म्हणजे एका शून्यापायी ९०० रुपये बुडाले असते. आणि आम्हा दोघींना बारापर्यंतचे पाढे तोंडपाठ होते!

त्यानंतर बाई प्रशिक्षणाला जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी आमच्या जुन्या वह्या काढल्या आणि चुका बघत बसल्या. मला म्हणाल्या, "मी आधी तुझी संख्या खोडून बरोबर संख्या लिहून द्यायचे. तू कशामुळं चुकायलीस, ते मी बघितलंच नव्हतं." एकशे पाच म्हणताना कानाला आधी शंभर ऐकू येते, मग पाच. म्हणून मूल १०० लिहिते आणि त्याच्यापुढे ५ लिहिते. झाले १००५! चुकीलाही कारण असते, ते शोधायला प्रशिक्षणात शिकवले, असे बाई म्हणाल्या.

मग बाईंनी आम्हाला तुराटीचे बारके तुकडे आणायला सांगितले. दहा काड्यांचा एक लहान गठ्ठा केला. असे दहा लहान गठ्ठे बांधून एक मोठा गठ्ठा केला, तो शंभराचा. जमिनीवर खडूने तीन घरे आखली. बाई म्हणाल्या, "एकशे पाच मांडा." मोठा गठ्ठा एक. लहान गठ्ठा एकही नाही. सुट्या काड्या पाच. मधले घर रिकामे राहिले, म्हणून तिथे शून्य बसले. तेव्हा मला कळाले की शून्य म्हणजे रिकाम्या घराची राखण. ते उठून गेले तर शेजारची संख्या सरकून येते. आता मी चार हजार दोनही बरोबर लिहिते : ४००२.

हे प्रशिक्षण आपल्या गावापर्यंत कसे येते, तेही सांगते. पुण्याला राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. काय शिकवायचे ते तिथे ठरते. नंतर परभणीला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, तिला डाएट म्हणतात. मग सेलूला तालुक्याच्या शिक्षकांचे प्रशिक्षण होते. शिवाय आपल्या केंद्रातील शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र जमतात आणि एकमेकांच्या अडचणी सांगतात. बाईंच्या मोबाईलवर दीक्षा नावाचे ॲप आहे, त्यावरही पाठ असतात. नव्या धोरणात लिहिले आहे की शिक्षकाने दरवर्षी निदान ५० तास स्वतः शिकावे. रोजचे पाच तास धरले तर दहा दिवस होतात. २०२५ च्या जूनपासून पहिलीला नवीन अभ्यासक्रम आणि बालभारतीची नवीन पुस्तके आली. पुढच्या वर्गांनाही टप्प्याटप्प्याने येणार आहेत. पुस्तक बदलले की शिकवणाऱ्यालाही तयारी करावी लागते.

हे सगळे मी आबांना सांगितले. आबा म्हणाले, "हे तर आपल्या कालव्यावाणीच झालं." आपल्या तालुक्यात दुधना नदीवर निम्न दुधना धरण आहे. धरणाचे पाणी आधी कालव्यात येते, मग चारीत आणि मग शेतात. आबा म्हणाले, "वरच्या वावराला भरपूर भेटतं. शेवटच्या वावरापस्तोर येता येता धार बारीक होते." पुण्याहून निघालेले ज्ञान आपल्या गावाला पोहोचेपर्यंत तसेच होऊ शकते. मी हे बाईंना सांगितले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आबांचं खरं आहे." म्हणून प्रशिक्षण संपल्यावरही शिक्षकाला मदत लागते. एकदा केंद्राचे साहेब आमच्या वर्गात आले. ते खुर्चीवर बसले नाहीत. आमच्याजवळ सतरंजीवर बसून त्यांनी काड्यांचा पाठ बघितला आणि बाईंना दोन युक्त्या सांगितल्या. असे साहेब वरचेवर यावेत, असे मला वाटते. कागद भरून घेणे कमी आणि वर्गात बसणे जास्त असावे.

पालकांना माझी एक विनंती आहे. शाळेची शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे बाराजण असतील तर नऊ पालक. त्या सभेत तुम्ही "बाई कुठं गेल्या?" एवढेच विचारू नका. "बाई काय शिकून आल्या आणि आमच्या लेकरांना आता काय यायलंय?" हेही विचारा. बाई जातील त्या दिवशी गुरुजींच्या मदतीला कोणी बसेल का, तेही सभेत ठरवा. घरी मुलाला "किती पानं लिहिली?" असे विचारण्याऐवजी बाजाराची चिठ्ठी वाचायला द्या, हिशोब करायला द्या. खरे काय येते ते तिथेच कळते.

यंदाही आईच्या वेचणीची वही मीच लिहिली. आई आधी माझे आकडे बघते, मग मधले घर दाखवून विचारते, "इथं शून्य बसवलं का?" आजीला मी सगळे समजावून सांगितले. आजी म्हणाली, "मग जाऊ दे बाई त्यांना. पण येताना शिकून या म्हणावं."

माझ्या लेखात काही चुकले असल्यास क्षमा करावी. 

एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी