क्यू आला, पण यू कुठाय?



थंडीच्या दिवसांत स्क्रॅबल खेळणाऱ्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "क्यू आलाय हो, पण यू नाही!" इंग्रजी संचात १०० टाइल्स. त्यांत यू चार, क्यू फक्त एक, आणि त्या एकट्याचे गुण १०. आल्फ्रेड बट्स ह्या न्यूयॉर्कच्या आर्किटेक्टने १९३० च्या दशकात, मंदीत नोकरी गेल्यावर, वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हा हिशोब बसवला. डाव संपताना क्यू हातात राहिला तर आपले १० गुण कमी होतात आणि ज्याच्या टाइल्स आधी संपल्या त्याच्या खात्यात ते १० जमा होतात. म्हणजे फटका २० चा!

मुळात क्यूला यूचं शेपूट लागलं कसं? जुन्या इंग्रजीत 'क्वीन' हा शब्द सी-डब्ल्यूने सुरू व्हायचा. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी लॅटिन पद्धतीचं क्यू-यू आणलं. तेव्हापासून ही जोडी फुटत नाही. पण बाहेरून आलेले काही शब्द यूला न जुमानता इंग्रजीत शिरले आहेत. स्क्रॅबलवाले त्यांची यादी घोकतात. मी म्हणतो, मराठी माणसाला घोकायची गरज नाही. ओळखीचेच तर आहेत सगळे! छोटे छोटेच घेऊ:

१. क्यू-आय. उच्चार 'ची'. चिनी विचारातली जीवनशक्ती. आपल्या 'प्राण'च्या जवळची कल्पना. अमेरिका-कॅनडाच्या स्पर्धांच्या यादीत हा २००६ मध्ये आला आणि क्यूची निम्मी भीती गेली. तिप्पट अक्षराच्या घरात क्यू ठेवून आडवा-उभा दोन्हीकडे 'ची' जमला, तर दोन अक्षरांत ६२ गुण.

२. क्यू-ए-टी. येमेन, सोमालिया, इथिओपियाकडे ह्या झुडपाची पानं चघळतात, नशेसाठी. ब्रिटनने २०१४ मध्ये बंदी घातली. सौदीत आणि अमिरातीतही बंदी आहे. तेव्हा गल्फमधल्या मंडळींनी तो बोर्डावरच ठेवावा.

३. क्यू-ओ-पी-एच. हिब्रू वर्णमालेतलं अक्षर. इस्राएलमध्ये वाढणाऱ्या आपल्या बेने इस्राएली मुलांना 'कूफ' म्हणून गिरवावं लागतं ते हेच. ह्याचा फिनिशियन पूर्वज हाच इंग्रजी क्यूचाही पूर्वज. म्हणजे हा क्यूच्या घरातलाच!

४. क्यू-ए-डी-आय. अहो, आपला काझी! स्पॅनिशमध्ये नगराध्यक्षाला 'अल्काल्दे' म्हणतात, तेही मूळचे 'अल-काझी'च.

५. क्यू-ए-आय-डी. नेता, सरदार. 'कायदेआझम' मधला 'कायद' हाच. जिना बॅरिस्टर होते म्हणून त्या पदवीचा 'कायद्या'शी संबंध लावला जातो, पण तो खरा नाही. पदवीचा अर्थ 'थोर नेता'. अरबीत दोन्हींचे धातू वेगळे.

६. एफ-ए-क्यू-आय-आर. फकीर! मूळ अर्थ निर्धन, गरजू.

७. क्यू-ए-एन-ए-टी. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने गावापर्यंत आणायची इराणी पद्धत. पंप नाही, काही नाही. इराणचे कनात २०१६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. ओमानमध्ये असलेल्यांनी 'फलज' पाहिलेच असतील, ते ह्यांचेच भाऊबंद. आणि आपल्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर-ए-अंबरी? मलिक अंबरने १७ व्या शतकाच्या सुरुवातीला ह्याच तत्त्वावर शहराला पाणी आणलं.

ह्याशिवाय कॉलिन्सच्या यादीने खेळत असाल तर वक्फ, तलाक आणि सुक (बाजार) हेही क्यूने लिहून चालतात. सुकमध्ये यू आहे, पण क्यूच्या आधी! अमेरिकन यादीवाल्यांनी मात्र आधी पडताळून घ्यावं, नाहीतर जोडीदार चॅलेंज करेल.

इंग्रजी मातीतले अपवाद म्हणजे 'ट्रँक्विलायझर'चं शेपूट छाटून केलेला 'ट्रँक' आणि कीबोर्डवरून उचललेला 'क्वर्टी'.

बाकी बहुतेक शब्द अरबी-फारसीतले. तिथला 'काफ' पडजिभेजवळून निघतो. इंग्रजांना तो उच्चार जमला नाही, पण स्पेलिंगमध्ये क्यू लिहून त्यांनी त्याची खूण ठेवली. आपण उलटं केलं. खूण ठेवलीच नाही, साधा 'क' लिहिला आणि शब्द घरातले करून टाकले. हक्क, फरक, कर्ज, कबूल, किंमत, कैद, किल्ला, मुक्काम, तालुका हे सगळे त्याच काफचे. दाराचं कुलूपसुद्धा! मूळ 'कुफ्ल', आपण अक्षरांची अदलाबदल करून 'कुलूप' केलं. सातबारा आणि तालुक्याच्या कचेरीत खेपा घालणाऱ्या कुणाला हे शब्द परके वाटतील का?

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. मागे एकदा मी बोर्डावर फकीर लावला तर लेक म्हणाली, "बाबा, धिस इज चीटिंग, हा तुमचा मराठी शब्द आहे." डिक्शनरी उघडली, शब्द निघाला. त्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, "मग अजून कुठले कुठले आहेत?" रविवारच्या मराठीच्या वर्गाला जाताना कुरकुर करणारी मुलगी तासभर शब्द विचारत बसली. आपल्या मुलांना नकळत असं वाटत असतं की मराठी ही घरातली, आजी-आजोबांशी फोनवर बोलायची भाषा आणि इंग्रजी ही जगाची. आपल्या आईचा एखादा शब्द त्या जगाच्या डिक्शनरीत सापडला की ती भिंत थोडी खचते. माझ्यासाठी त्या डावातले खरे गुण हे.

अर्थ कळला नाही तरी स्क्रॅबल जिंकता येतं म्हणा. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद मिळवलं, निव्वळ शब्द पाठ करून. त्याला साष्टांग नमस्कार! पण घरी खेळताना एक नियम करून पाहा: क्यूचा शब्द लावणाऱ्याने त्याचा अर्थ सांगायचा, आणि मराठीत त्याचा कुणी नातेवाईक असेल तर तोही. सांगता आला तर ५ गुण जास्त. आमच्याकडे ह्या नियमामुळे डाव लांबतो, पण तक्रार कुणाचीच नसते.

तुमच्या पोतडीत असे आणखी शब्द असतील तर जरूर कळवा.