दोन फळ्यांचं वाक्य

"उद्या पाऊस पडला तर पेरू." मृग लागला की मराठवाड्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पाऊस उद्याचा, पण क्रियापद भूतकाळाचं: 'पडला'! न पडलेला पाऊस मराठी आधी पाडून घेते आणि मगच पेरणीचं बोलते.

छत्रपती संभाजीनगरातला एखादा विद्यार्थी हेच इंग्रजीत मांडताना 'इफ इट विल रेन' लिहितो आणि सर 'विल'वर लाल रेघ मारतात. इंग्रजीला इथे वर्तमानकाळ हवा: 'इफ इट रेन्स'. त्याचं 'रेन्ड' केलं, तर पाऊस उद्याचाच राहतो, पण तो येईल असं बोलणाऱ्याला फारसं वाटत नसतं. इंग्रजीत काळ एक पाऊल मागे गेला की आशाही एक पाऊल मागे सरते.

विरोध दाखवतानाची चूक याहून बोलकी आहे. 'ऑल्दो ही रॅन, बट ही मिस्ड द बस.' यात अडाणीपणा नाही, मराठीचं व्याकरण आहे. 'जरी तो धावला, तरी त्याची बस चुकली': जरीला तरी हवा, जरला तर हवा. छत्रपती संभाजीनगर बावन्न दरवाजांचं शहर म्हणून ओळखलं जातं; आपलं वाक्यही तसंच, दोन फळ्यांचं. इंग्रजीला एकच फळी पुरते. 'ऑल्दो' आला की 'बट' नको, 'बट' ठेवला की 'ऑल्दो' नको. 'अनलेस'च्या तर पोटातच नकार असतो. 'तू आला नाहीस तर' म्हणायला 'अनलेस यू कम' पुरे. त्यात 'डोन्ट' घातला की अर्थ उलटतो.

या चिमुकल्या शब्दांनी केवढा प्रवास केलाय! 'पण' आला संस्कृत 'पुनर्'पासून, म्हणजे 'पुन्हा'. इंग्रजी 'बट'चा जुना अर्थ 'बाहेर'. एका भाषेनं विरोध दाखवायला मागे वळून पाहिलं, दुसरीनं उंबरा ओलांडला. फारसी 'अगर'चं नशीब याच शहरात पाहावं. इथल्या दखनीत तो 'जर' होतो. जुन्या वळणाच्या मराठीत 'आज अगर उद्या' म्हटलं, की तोच 'किंवा' होतो. एकाच गल्लीत एक शब्द अट घालतो आणि पर्यायही देतो.

व्याकरणाच्या पुस्तकात 'पण' न्यूनत्वबोधक आणि 'जर-तर' संकेतबोधक. परीक्षेपुरतं पाठ करून आपण ते विसरतो. पण जालना रस्त्यावरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात, जे १९८१ साली सुरू झालं, या शब्दांवर माणसांचे हक्क तोलले जातात. कायद्यातल्या 'प्रोव्हायडेड दॅट'ला मराठी कायदा 'परंतु' म्हणतो, आणि त्यानं सुरू होणाऱ्या अपवादाला चक्क 'परंतुक'! एका उभयान्वयी अव्ययाला शेपूट जोडून भाषेनं नाम घडवलं. कलम हक्क देतं, परंतुक त्याला अट घालतं. बोलताना जो शब्द आपण श्वासासारखा सोडून देतो, त्याच्यापाशी तिथे वकील तासभर थांबतात.

तेव्हा पुढच्या वेळी वहीतल्या 'ऑल्दो'मागे 'बट' दिसला, तर रेघ जरूर मारावी. पण त्या पोरानं सवयीनं दुसरी फळीही बसवली, एवढं ओळखावं.