रोजच्या गाडीला बूस्ट किती?

फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावात बनत असे आणि परवान्यावर मारुतीही ते बनवत असे. एका गाडीत ते ७५ अश्वशक्ती द्यायचं, तर दुसरीत ९०च्या आसपास. आपल्याकडच्या अनेकांना रिमॅपचा मोह पडला तो इथेच. इंजिन तेच आहे, मग कंपनीने पंधरा अश्वशक्ती दाबून का ठेवली? ईसीयूमधला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला मॅप बदलला की ती मोकळी होणार, असा हिशेब. पण ९०च्या इंजिनाला पाती फिरवता येणारा व्हीजीटी टर्बो होता आणि ७५च्या इंजिनाला साधा. लॅपटॉप जोडून टर्बो बदलत नाही.

हा गैरसमज अजून गेलेला नाही. ‘माझ्या गाडीला किती बूस्ट सेफ?’ असं विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. बूस्ट म्हणजे टर्बोने तयार केलेला, बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. तो बारमध्ये किंवा पीएसआयमध्ये मोजतात आणि १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. एक बार बूस्ट म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब जवळपास दुप्पट. हवा दाबली की तापते, आणि सगळी गोम इथे आहे. मे महिन्यातल्या दुपारची ४० अंशांची हवा दुप्पट दाबली, तर टर्बोतून बाहेर पडताना ती १३० अंशांच्या घरात जाते. इंटरकूलर ती थंड करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. छोट्या टर्बोला त्याच्या कुवतीबाहेर फिरवलं, तर गेजवरचा आकडा वाढतो, पण इंजिनात ताकदीपेक्षा उष्णताच जास्त पोचते. म्हणून एका गाडीत १.२ बार निर्धास्त चालतो आणि दुसरीत ०.८ बारही जास्त होतो.

त्यात आपले घाट. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. आजचे ईसीयू इंजिनात पोचणारा एकूण दाब मोजतात आणि तो कायम राखायला बघतात. मुंबईत हवा दुप्पट दाबणाऱ्या टर्बोला त्यासाठी वर घाटात ती सव्वादोन पटींहून जास्त दाबावी लागते. त्याच वेळी गाडी चढावर, माणसांनी भरलेली, एसी चालू आणि वेग कमी असल्याने इंटरकूलरला वारा अपुरा. कंपनीने राखून ठेवलेली ताकद या दिवसासाठी असते. रिमॅप करणारा ती रोजच्या वापरात काढून देतो, आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर केलेल्या दोन-तीन फेऱ्यांत हा घाट दिसत नाही.

पेट्रोल गाडीत पहिला धोका नॉकिंगचा. ठिणगीनंतर ज्योत पसरत असताना कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडे पडतात. नॉक सेन्सर ते ओळखून इग्निशन मागे घेतो. पण लहान डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना याहून वाईट एक रोग आहे. १५०० ते २५०० आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की ऑइलचे सूक्ष्म थेंब ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतात. हा स्फोट आधीच होऊन गेलेला असल्याने इग्निशन मागे घेऊन तो थांबत नाही, आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. खालच्या आरपीएमलाच भरपूर टॉर्क देणारा मॅप चालवायला फार गोड वाटतो, आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. एपीआय एसपी दर्जाचं ऑइल या स्फोटाला अटकाव करण्यासाठीही तपासलेलं असतं. तेवढं डब्यावर जरूर बघा.

इंजिन टिकलं तरी ताकद पुढे जाते ती क्लच आणि गिअरबॉक्समधून. फोक्सवॅगन-स्कोडाचं दीड लिटरचं टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. त्याला जोडलेल्या ड्राय क्लचच्या सात-गिअर डीएसजी गिअरबॉक्सची नेमून दिलेली मर्यादाही २५०च आहे. तिथे टॉर्क वाढवायचा, म्हणजे पहिल्या दिवसापासून गिअरबॉक्सच्या मर्यादेबाहेर गाडी चालवायची.

इंधनाचाही विचार हवा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ झाला, पूर्वी तो ९१ होता. नॉकिंगसाठी हे चांगलंच. पण इथेनॉलला त्याच हवेत जास्त इंधन लागतं, म्हणून जुन्या पेट्रोलवर बेतलेला मॅप आज पुन्हा तपासून घ्यायला हवा. आणि १०० ऑक्टेनवर बेतलेला मॅप घेऊन गावाकडच्या पंपावर साधं पेट्रोल भरू नये.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं आणि न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. डिझेलचा धूर गाळणारा डीपीएफ काढून देतो म्हणणाऱ्याच्या दारातून तर सरळ परत फिरावं. तो धूर आपल्याच शहरातली मुलं श्वासात घेतात.

माझं मत सांगतो. ज्या गाडीने रोज कामावर जायचं आणि सुट्टीत घरच्यांना कोकणात न्यायचं, तिचा मॅप कंपनीचाच राहू द्या. सेन्सरला खोटा आकडा दाखवून जास्त बूस्ट काढणारे ट्यूनिंग बॉक्स तर अजिबात लावू नका. इंजिनाचं रक्षण ज्या सेन्सरवर अवलंबून, त्यालाच ते फसवतात. वेळेवर ऑइल, चांगले प्लग, स्वच्छ एअर फिल्टर, न गळणारे इंटरकूलरचे पाइप आणि चढावर वेळीच खाली घेतलेला गिअर, एवढ्यानेही बऱ्याच सुस्तावलेल्या गाड्या पुन्हा उचलायला लागतात. आधी हे करून बघा, मग ठरवा.