त्वचेच्या भिंतीतलं सिमेंट

मोहरमचे उंच ताबूत बघायला कडेगावला गेले, तर आजीने आधी माझे हात धरले. ‘पोरी, हात कशानं फुटलं गं?’ काय सांगणार? पुण्यातलं एसी ऑफिस, कढत शॉवर, तासातासाला हॅण्डवॉश! टाइप करतानाही बोटं चरचरायची.

फंडा सोपा आहे. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी म्हणजे विटा, त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. यात सुमारे ५० टक्के सिरॅमाइड; बाकी मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड. कडक साबण हे सिमेंटच धुऊन नेतो. मग आतलं पाणी उडतं, बाहेरचा त्रास आत शिरतो.

आजीचा उपाय? कोमट पाणी आणि ओलसर हातांवर खोबरेल. तेल सिमेंट बनवत नाही, पण पाणी रोखतं. डागडुजी त्वचाच करते. आता माझ्या ड्रॉवरमध्ये लिपस्टिकशेजारी खोबरेलाची बाटली असते!